चार कोपरे एका जागी

जिन्झाबुरो सेरिकावा आयुष्यात एकदाच गेम सेंटरमध्ये गेले. ओगाकी स्टेशनसमोर, बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ते होतं. ते कामाच्या कपड्यांतच गेले. सदऱ्याला गवताचा भुसा चिकटलेला, तळहातावर दाभणाचे घट्टे. सिगारेटच्या धुरात उभं राहून त्यांनी काउंटरवरच्या बाईला विचारलं, "माझ्या मुलाने केलेला खेळ कुठला?"

बाईला ते माहीत असणं शक्य नव्हतं. त्या काळी खेळ कंपनीचे असत, माणसांचे नसत. दुसऱ्या कंपनीने माणूस पळवू नये म्हणून खेळाच्या शेवटी नावं यायची तीही खोटी, टोपणनावं. पण जिन्झाबुरोंना शोधायला वेळ लागला नाही. एकाच पडद्यावर तातामी होत्या: घरात जमिनीवर बसवायच्या गवताच्या जाड चटया, जिन्झाबुरो जन्मभर शिवत आले त्या.

खेळाचं नाव 'पात्तान'. जाड चटई उलटून जमिनीवर आपटली की जो आवाज होतो, तो. डोक्याला पंचा बांधलेला एक बुटका तातामीवाला खोलीभर उड्या मारत फिरतो. पाय आपटला की पायाखालची तातामी आणि तिच्या पुढची, अशा दोन उलटतात. एक बाजू जुनी, वाळक्या गवताच्या रंगाची. दुसरी हिरवी. वेळ संपायच्या आत सगळी खोली हिरवी करायची. उंदीर आणि गोमा मागे लागतात, ते उभे असतील ती तातामी उलटली की जमिनीखाली जातात. दोन उलटतात म्हणून एक नीट करायला जावं तर दुसरी बिघडते. मुलं त्यासाठीच वेडी झाली होती.

मुलगा कुनिओ तेव्हा चोविशीत होता. नागोयातल्या एका छोट्या कंपनीत कामाला होता आणि ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्टीत घरी आला होता. बाबा स्टेशनकडे गेले असं आईकडून कळताच तो धावत पोचला. तेव्हा जिन्झाबुरो एका शाळकरी मुलाच्या मागे उभे राहून पडदा पाहत होते. त्यांनी एक खोली पाहिली, दुसरी पाहिली. मग मान न वळवता विचारलं,

"कोण गेलंय?"

कुनिओ काही बोलला नाही. जिन्झाबुरो जिना उतरून गेले. त्यानंतर त्या खेळाचं नाव त्यांनी कुनिओसमोर काढलं नाही.

प्रश्न कशाबद्दल होता, हे कुनिओला लगेच कळलं होतं. तातामी लांबट असते, रुंदीच्या दुप्पट लांब. घालताना दोघींच्या सांध्यावर तिसरीची लांब बाजू यावी लागते. चौघींचे कोपरे एका बिंदूत आले की ती सुतकाची मांडणी. पूर्वी घरात माणूस गेला की तेवढ्या दिवसांपुरत्या चटया उचलून तशा लावत आणि नंतर पुन्हा पूर्ववत करत. 'पात्तान'मधल्या तातामी चौकोनी होत्या, शाळेच्या चौकटीच्या वहीसारख्या ओळीत लावलेल्या. प्रत्येक खोलीत, प्रत्येक ठिकाणी, चार कोपरे एका जागी.

कुनिओने हे ठरवून केलं नव्हतं. त्याने आधी लांबट तातामी काढल्या होत्या. पण मशीन पडदा चौकोनी तुकड्यांनी भरत असे. लांबट तातामी म्हटली की आडवीची चित्रं वेगळी, उभीची वेगळी, उलटतानाची आणखी वेगळी. एवढं ठेवायला मशीनमध्ये जागा नव्हती. टोगाशी म्हणून त्याचा वरिष्ठ होता, तो म्हणाला, "चौकोनी कर."

"तातामी अशी नसते हो."

"खेळणारी पोरं तुझ्या घरी तातामी शिवायला देणारेत का? चौकोनी कर आणि झोप जरा. डोळे बघ तुझे."

त्याने चौकोनी केल्या. आपण काय मांडतोय हे त्याला दिसत होतं. घरून कुणी पाहायला येणार नाही, असं त्याने गृहीत धरलं.

'पात्तान' बरा चालला. नंतरचे दोन खेळ पडले आणि काही वर्षांत कंपनी बुडाली. कुनिओ तिशी ओलांडून ओगाकीला परतला. त्याच आठवड्यात तो दुकानात बाबांसमोर गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "मला काम शिकवा."

जिन्झाबुरो एका तातामीचा वरचा थर सोडवत होते. काही वर्षं वापरली की हा गवताचा थर काढतात, उलटतात आणि पुन्हा शिवतात. धंद्यातलं अर्धं काम हेच. त्यांनी हात थांबवला नाही.

"नको."

"उशीर झालाय हे कळतंय मला. पण—"

"नको म्हटलं ना. झालं ते झालं."

यावर कुनिओने जन्मभर पुरेल असा एक अर्थ लावला. तातामीवाल्याच्या पोटी जन्मून जो सगळ्या गावासमोर सुतकाची फरशी मांडतो, त्याच्या हातात दाभण द्यायचं नाही. तो अर्थ त्याला पटलाही. त्याने वाद घातला नाही. गावाबाहेरच्या पार्सलच्या गोदामात त्याला काम मिळालं आणि ते तो आजही करतो. लग्न झालं नाही. आई गेली. दुकान हळूहळू आटत गेलं. गल्लीतल्या इतर तातामीवाल्यांनी शिवणकामाची मशीन आणली तेव्हा जिन्झाबुरोंनी आणली नाही. नवा माणूस ठेवला नाही. मोठी गिऱ्हाइकं आपण होऊन दुसऱ्यांकडे पाठवली. लोक म्हणाले, म्हातारा हेकट आहे. एके वर्षी त्यांनी हत्यारंही विकून टाकली आणि दुकानाच्या फळ्या कायमच्या लावल्या.

नव्वदी गाठल्यावर ते इबी नदीच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमात राहू लागले. डोकं शाबूत होतं, पाय गेले होते. तिथल्या खोलीत हल्लीच्या पद्धतीची बिनकाठाची चौकोनी तातामी होती, कागदाच्या धाग्याची, ओळीत लावलेली. पहिल्या दिवशी त्यांनी तिथं काम करणाऱ्या मुलीला सांगितलं, "तुम्ही लोक तयारीत दिसता. आधीच मांडून ठेवलंय." मुलीला वाटलं, आजोबा खोलीचं कौतुक करतायत. ती म्हणाली, "छान आहे ना? धुताही येते."

गेल्या वर्षी शरदात कुनिओला तोक्योहून फोन आला. बोलणाऱ्याचं नाव कुसाकाबे. वय तिशीच्या आतबाहेर, आवाजात धाप.

"सेरिकावा सेनसेई का? 'पात्तान' करणारे?"

"सेनसेई म्हणायला मी कसला गुरुजी. पार्सलं उचलतो मी."

"सेनसेई, तुम्हाला शोधायला किती वेळ लागला म्हणून सांगू! आम्ही जुने खेळ पुन्हा काढतो. 'पात्तान'चे हक्क मिळालेत. वसंतात येईल. लोक किती वर्षं मागतायत, तुम्हाला कल्पना नाही."

कुनिओला खरंच कल्पना नव्हती. त्याने ऐकून घेतलं. या वेळी टोपणनाव नाही, सेनसेई, तुमचं खरं नाव पहिल्या पडद्यावर घालू, असं कुसाकाबे म्हणाला, तेव्हा कुनिओ पहिल्यांदा आपण होऊन बोलला.

"नाव नको. फरशी बदला."

"काय बदला?"

कुनिओने समजावलं. आता मशीनमध्ये जागेची अडचण नाही. लांबट तातामी घालता येतील, मांडणी नीट करता येईल. चित्रं तो स्वतः काढून देईल, फुकट.

मग कुसाकाबे अगदी अदबीने म्हणाला, "सेनसेई, आमचं सगळं नावच जसंच्या तसं देण्यावर आहे. मूळ खेळात ज्या चुका होत्या त्यासुद्धा आम्ही तशाच ठेवतो. चुका काढल्या तर लोक रागावतात. दुसऱ्या एका खेळात आम्ही अडकणारा उंदीर नीट केला होता, तर पैसे परत मागायला लागले."

"ही चूक तशी नाही."

"फरशीला तर हातच लावता येणार नाही. चौकोनांवरच सगळा खेळ आहे ना? तुम्हीच तर केलाय."

ते खरं होतं. कुनिओने हिवाळ्यात आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याच अदबीने नकार मिळाला. त्याची बहीण मित्सुए गिफूला असते, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ. तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, पण एवढं काय अडलंय? कोण बघतंय तातामीचे कोपरे?"

"बाबा बघतात."

"बाबांना तोक्योवाले खेळ पाठवणारेत का?"

"मला त्यांना दाखवायचाय, ताई. नीट केलेला. ते आहेत तोवर."

"म्हणजे शाबासकी पाहिजे. साठी उलटली तुझी, केस गेले, कंबर धरते, आणि बाबांकडून शाबासकी पाहिजे."

"हो," कुनिओ म्हणाला.



कंपनी करणार नव्हती, म्हणून त्याने स्वतः करायला घेतलं. सुट्टीच्या दिवशी, जुन्या घरात, बंद दुकानाच्या मागच्या खोलीत बसून. हात विसरले नव्हते, पण आताच्या पद्धती वेगळ्या होत्या आणि चष्म्यातून पडदा नीट दिसत नव्हता. एकच खोली केली, आठ तातामींची. लांबट, काळ्या काठाच्या, सगळे सांधे रीतीप्रमाणे. बुटका तातामीवाला उड्या मारू लागला आणि दोष समोर आला. लांबट तातामीची 'पुढची' कुठली हे ठरत नाही. बाजूला कधी एक असते, कधी दोन. खेळ म्हणून ती खोली पडेल होती. कुनिओला तीन उड्यांत ते कळलं. पण त्याला ती कुणाला विकायची नव्हती.

फेब्रुवारीच्या एका दुपारी तो आणि मित्सुए आश्रमात गेले. पलंगाच्या आडव्या फळीवर त्याने लॅपटॉप ठेवला. मित्सुएने बाबांची पाठ उशीला टेकवली, तोंड पुसलं, चष्मा चढवला.

"काय आणलंय?" जिन्झाबुरोंनी विचारलं.

"'पात्तान', बाबा. स्टेशनसमोर तुम्ही पाहिला होता ना, तो खेळ."

"तो हा नव्हे."

एका नजरेत. कुनिओने आनंदाने पडदा त्यांच्याकडे आणखी वळवला. "तोच. फरशी नीट केलीय. बघा ना."

जिन्झाबुरोंनी पाहिलं. एक बोट उचलून पडद्यावरून सांध्यासांध्याने फिरवलं. दारापाशी थांबले, खिडकीपाशी थांबले. म्हातारपणी बारीक झालेलं ते बोट काचेवर टक टक वाजत होतं.

"नीट आहे," ते म्हणाले.

मित्सुए सांगते की त्या क्षणी कुनिओचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता. तेवढंच ऐकायला तो आला होता आणि ते झालं होतं. त्याने लॅपटॉप मिटायला हवा होता.

"पण आता कशाला नीट केलीस?" जिन्झाबुरो म्हणाले.

"तेव्हा चुकली होती, बाबा."

"चुकली कुठे?"

"चार कोपरे—"

"दिसत होते की मला चार कोपरे. चुकून कसे येतील? तातामीवाल्याच्या घरात रांगलेलं पोर चुकून सुतकाची फरशी मांडतं होय? आणि तीही खोलीमागून खोली?" ते हसले. खोकला आला, मित्सुएने पाणी दिलं. "तू मला कळवलंस. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती तुझी, लहानपणापासून नव्हती. म्हणून मांडून दाखवलंस. मी विचारलं ना तिथे तुला, कोण गेलंय म्हणून? गप्प राहिलास. मग काय उरलं? मला कळलं, दुकान गेलं. पोरगा परत येत नाही."

कुनिओ पडद्याकडे पाहत होता. बुटका तातामीवाला खोलीच्या मध्यावर उभा होता, कुणी कळ दाबत नव्हतं म्हणून जागच्या जागी श्वास घेत.

"रात्री तुझ्या आईला सांगितलं मी. रागावलो नाही. म्हटलं, गेला तर गेला, पण रीत विसरला नाही. दुसऱ्यांची पोरं पत्रसुद्धा टाकत नाहीत. म्हणून मग शिवणाची मशीन घेतली नाही. कुणासाठी घ्यायची? माणूस ठेवला नाही. आणि तू आलास परत, शिकवा म्हणून बसलास—" ते थांबले. "वाईट वाटलं मला तेव्हा. पण सुतक धरून झालं होतं. मेलेल्याला उठवून बसवायचं नसतं."

"बाबा, काय बोलताय तुम्ही?" मित्सुए म्हणाली. खेळाच्या मशीनमध्ये जागा नव्हती ही गोष्ट तिला ठाऊक होती, कुनिओने तेव्हाच सांगितली होती. "अहो, ते तर त्या मशीनमध्ये—"

"ताई," कुनिओ म्हणाला.

"अरे पण—"

"ताई, गप्प बस."

जन्मात पहिल्यांदा तो तिच्याशी असं बोलला. मग बाबांकडे वळून म्हणाला, "हो. तसंच होतं."

"मग हे बंद कर," जिन्झाबुरो म्हणाले. "कळवलं ते कळवलं. पुसायचं कशाला? आणि माझ्या वेळी घरी तशीच मांड. तुला येते ती."

"मांडीन."

आश्रमाच्या गाडीतळावर मित्सुए रडली आणि रडता रडता त्याला बोलली. का नाही सांगितलंस? मूर्ख आहेस का? तीस वर्षं तू समजत होतास की त्यांनी तुला नालायक ठरवलं, आणि ते समजत होते की—

"काय सांगू?" कुनिओ म्हणाला. "मशीनमध्ये जागा कमी पडली म्हणून दुकान बंद झालं, असं सांगू?"

तिने नाक पुसलं.

"त्यांना वाटतंय मी रीतीने कळवलं," तो म्हणाला. "तेवढंच आहे त्यांच्याकडे माझ्याबद्दल."

मग त्याने तिला स्टेशनवर सोडलं आणि तो कामावर गेला.

'पात्तान' एप्रिलमध्ये आला, जुन्याच फरशीसह. कुसाकाबेने एक प्रत पाठवली. पहिल्या पडद्यावर कुनिओ सेरिकावा हे नाव होतं. नको म्हटलेलं ऐकून न घेता, मान म्हणून घातलेलं. सोबत चिठ्ठी: लोक फार खूश आहेत, त्या चौकोनी फरशीवर जीव टाकतात, सेनसेईंनी ती कशी सुचली यावर चार शब्द लिहून द्यावेत. कुनिओने उत्तर दिलं नाही.

जिन्झाबुरो जूनमध्ये गेले. न्यूमोनिया झाला आणि दोन दिवसांत आटोपलं. अंत्यविधीच्या कंपनीचा माणूस म्हणाला की आमच्या हॉलमध्ये सगळी सोय आहे, एसी आहे. कुनिओ म्हणाला, घरी न्यायचंय. देह आणण्याआधी त्याने दुकानामागच्या मोठ्या खोलीतलं सामान हलवलं आणि तातामी उचलायला घेतल्या.

तातामी उचलायचा लोखंडी आकडा घरात नव्हता. हत्यारं केव्हाच विकली गेली होती. त्याने स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून पहिली वर काढली, काठ थोडा फाटला. बाकीच्या त्याने आणि मित्सुएने मिळून उचलल्या. खालच्या फळ्यांवर जुनी वर्तमानपत्रं होती. मग त्याने त्या एका दिशेने ओळीत लावायला सुरुवात केली, कोपऱ्याला कोपरा. पाचव्या तातामीपाशी काम अडलं.

प्रत्येक तातामी तिच्या जागेच्या मापाने कापलेली असते. जुन्या घराच्या भिंती काटकोनात नसतात. एक बोटभर लांब असते, दुसरी बोटभर आखूड. कुठली कुठे फिरवली की आठही बसतात, हे ज्याने केल्या त्याला माहीत होतं. कुनिओने पाचवी काढून सातवीच्या जागी घातली. मग तिसरी काढली. घामाने चष्मा घसरत होता. मित्सुए एक टोक धरून उभी होती आणि तो सांगेल तिकडे सरकत होती. काही वेळाने तो सांगायचा थांबला.

"पूर्वीसारख्या लाव," ती म्हणाली. "ते बघायला येणार नाहीत."

"पूर्वी कुठली कुठे होती तेही आता लक्षात नाही."

बाबांना घेऊन गाडी आली तेव्हा सात बसल्या होत्या, मध्ये हाताएवढी फट ठेवून. आठवी भिंतीला टेकवून उभी होती. दोघांनी फटीवर चादर टाकली आणि बाबांना तिच्या बाजूला ठेवलं. चार कोपरे कुठेच एकत्र आले नव्हते.

संध्याकाळी भिक्खू आले. आपल्या वडिलांच्या जागी मंदिरात नुकतेच आलेले, तरुण. उंबऱ्यात पादत्राणं काढून त्यांनी आत पाऊल टाकलं, फट पाहून पाय उचलला, आणि भिंतीशी उभ्या तातामीकडे पाहिलं.

"घराचं काम काढलं होतं का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हो," कुनिओ म्हणाला, आणि त्यांच्यासाठी उशी ठेवायला सपाट जागा शोधू लागला.